थोरा लॉकनकडची कॉफी

अल्विना ट्वीटला आमच्या एल्म लेकमध्ये कुणी वाईट म्हणणार नाही. तोंडावर तर नाहीच. इथं तोंडावर कुणी कुणाला काही म्हणत नाही, ती रीतच नाही. पण कुणाच्या घरी माणूस गेलं की दारात सगळ्यात आधी हजर कोण, असं विचारलंत तर शाळकरी पोरसुद्धा झोपेत सांगेल, अल्विना. हातात झाकण लावलेलं काचेचं भांडं, त्याला दोन टॉवेल गुंडाळलेले. आत नूडल्स, कोंबडी आणि डब्यातलं मशरूमचं सूप एकत्र करून ओव्हनमध्ये भाजलेलं हॉटडिश, वर खाऱ्या बिस्किटांचा चुरा. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी आणि तिच्यावर नाव, अ. ट्वीट. भांडी ज्याची त्याला परत जायला हवीत ना.

आमच्या लुथरन चर्चच्या बायकांचं सांत्वन हे असं असतं. गळ्यात पडायचं नाही, रडायचं नाही, खायला घेऊन जायचं आणि भांडी घासायला उभं राहायचं. त्यात अल्विनाचा हात धरणारं कुणी नव्हतं. एक गुड्रून ब्राटन होती, तिचं हॅम आणि बटाटे प्रसिद्ध होते. दोघींची चढाओढ साऱ्या गावाला ठाऊक, आणि दोघी मेल्या तरी ती कबूल करणार नाहीत. अल्विना एकदा म्हणे डॉक्टरच्याही आधी पोचली होती. हे गुड्रूनचं म्हणणं, तेव्हा निम्मं सोडून द्या.

पण इतक्या लवकर तिला कळायचं कसं? तर टेलिफोनवरून. तेव्हा आयोवातल्या शेतांवर आठ-दहा घरांना मिळून एकच तार असायची. प्रत्येक घराची घंटा वेगळी, पण दुसऱ्याची घंटा वाजली तरी आपला रिसीव्हर हळूच उचलायला कोण अडवतंय? सगळेच उचलायचे आणि कुणीच उचलत नव्हतं, असा तो सगळा मामला. अल्विना तर बोलायच्या बाजूवर पोतेरं धरायची, आपल्या स्वयंपाकघरातलं घड्याळ पलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून.

तो फेब्रुवारीचा महिना होता. आदल्या संध्याकाळी तळ्याकाठच्या डान्स हॉलमध्ये कुठून कुठून आलेले तीन तरुण गाणारे गिटार घेऊन गायले-नाचले होते. आमच्या पोरी किंचाळून किंचाळून घसा बसवून घरी आल्या, आणि थोरल्यांनी नाकं मुरडली. त्या गाणाऱ्यांच्या बसमधलं हीटर बंद पडलं होतं, बिचारे थंडीनं काकडले होते. पुढचा मुक्काम लांब. म्हणून तिघांनी आमच्या विमानतळावरून एक छोटं विमान भाड्यानं घेतलं. ते चालवायला गेला आमचा ड्वेन लॉकन. थोरा लॉकनचा एकुलता एक पोरगा. नवरा गेल्यावर थोरानं त्याला एकटीनं वाढवलेला.

सकाळी त्याच तारेवरच्या हॉगनांची घंटा वाजली. अल्विनानं पोतेरं धरलं आणि रिसीव्हर उचलला.

"विमान माझ्या कुंपणाला येऊन अडकलंय रे," एल्डन हॉगन विमानतळावरच्या माणसाला सांगत होता. "कुणी नाही राहिलं. चौघेही गेले."

"ड्वेन?"

"ड्वेनही."

मग विमानतळवाला म्हणाला, "थोराला कुणी सांगितलं?"

"शेरीफचा माणूस आणि पास्टर निघालेत."

अल्विनानं रिसीव्हर ठेवला आणि तिथंच भिंतीला टेकून उभी राहिली. ड्वेनला तिनं चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवलं होतं. फार वाईट वाटलं तिला. ते खरंच होतं, उगाच तिच्यावर आळ घेण्यात अर्थ नाही. पण त्या दुःखाबरोबर आणखी एक गोष्ट डोक्यात आली, तीही खरीच. हॉगनांच्या तारेवर गुड्रूनचंही घर होतं.

ओव्हनमध्ये दुपारच्या जेवणाचं हॉटडिश तयारच होतं. तिनं ते बाहेर काढलं आणि टॉवेल शोधायला लागली. नवरा, ऑर्व्हिल, गोठ्यातून आत येत होता. त्याला तिनं दोन वाक्यांत सांगितलं. तो खुर्चीत बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"अगं, जरा दम धर," तो म्हणाला. "पास्टरांचं बोलून होऊ दे की आधी."

"पास्टर बोलतील. पण त्यांना कॉफी कोण देईल? थोरा देईल, पोराची बातमी ऐकता ऐकता?"

"तसं नाही गं..." त्यानं भांड्याकडे पाहिलं. "आणि हे माझं जेवण ना?"

"तू अंडी खा," अल्विना म्हणाली आणि ट्रक घेऊन निघाली.

थोराचं घर चर्चपासून हाकेच्या अंतरावर. पास्टर केव्हाच पोचले असणार, असं अल्विनानं धरलं. ते चर्चच्या पलीकडच्या वळणावर बर्फाच्या ढिगात गाडी रुतवून बसले होते आणि शेरीफचा माणूस फावड्यानं चाकं मोकळी करत होता, हे तिला कसं कळावं? तरी एक गोष्ट होती. थोराच्या अंगणातल्या ताज्या बर्फावर एकाही गाडीचं चाक उमटलेलं नव्हतं. अल्विनानं ते पाहिलं. पाहिलं, आणि पुढं गेली.

थोरानं दार उघडलं तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत पिठाचे होते. गाल लाल, केस सुटलेले. रेडिओ तिचा बिघडलेला आणि टेलिफोन तिनं घेतलेलाच नव्हता. लोकांच्या घंटा ऐकून डोकं उठतं, म्हणायची. तिनं अल्विनाकडे पाहिलं. मग भांड्याकडे.

"अगंबाई," ती म्हणाली. "कोण गेलं गं?"

तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. दुसऱ्याच्या घरी काही झालं की चेहऱ्यावर येते ती काळजी होती, बस्स. अल्विना कुणाकडे तरी निघालीय आणि वाटेत आपल्याला घ्यायला आलीय, असं तिला वाटलं. आणि अल्विनाच्या तोंडचं पाणी पळालं. सांगायला हवं होतं. नाहीतर मागं फिरायला हवं होतं. तिनं दोन्ही केलं नाही.

"आमुंडसन," ती म्हणाली. "म्हातारे निल्स आमुंडसन. पहाटे गेले."

"अरेरे! एकटा जीव बिचारा. जवळ कोण होतं?"

"शेजारी होते," अल्विना म्हणाली. एक खोटं बोललं की दुसरं आपोआप येतं, त्याला काही कष्ट पडत नाहीत.

"अशी दारात काय उभी राहिलीस? आत ये. गारठलीस बघ, ओठ पांढरे पडलेत. ते ठेव इथं. मी आत्ताच वेलदोड्याचा गोड पाव काढलाय, त्यातला एक बांधून देते त्यांच्याकडे. पण निवेपर्यंत कॉफी घे. घ्यावीच लागेल, मी काही ऐकायची नाही."

अल्विना बसली. तिनं मनाशी ठरवलं, पास्टर आत्ता येतील. येतील आणि सांगतील. सांगणं त्यांचं काम आहे, माझं नाही. मी नुसती बसून राहते, बाईमाणूस कुणीतरी जवळ असलेलं बरंच. असं ती स्वतःला सांगत राहिली आणि खिडकीतून रस्त्याकडे बघत राहिली.

थोरानं कॉफी ओतली आणि समोर बसली. ती बोलायला लागली. ड्वेनबद्दल बोलत होती, एवढं अल्विनाला कळत होतं, कारण मधूनमधून त्याचं नाव येत होतं. अल्विना मान हलवत होती. रस्त्यावर एक दुधाची गाडी आली आणि गेली. कप बशीवर ठेवताना खडखड वाजेल म्हणून तिनं तो दोन्ही हातांत धरून ठेवला. थोरा कसलीतरी नक्कल करून दाखवत होती, खांदे उडवत होती, आणि मध्येच अशी काही खळखळून हसली की तिला एप्रननं डोळे पुसावे लागले. अल्विनाही हसली. कशाला हसली कुणास ठाऊक. तिचं लक्ष रस्त्यावर दिसू लागलेल्या काळ्या गाडीकडे होतं.

"अगं, पास्टर!" थोरा उठली. "आमुंडसनांचं सांगायला घरोघरी फिरताहेत वाटतं." तिनं घाईघाईनं पाव फडक्यात गुंडाळून अल्विनाच्या हातात दिला. "हा तुझ्याकडे असू दे, मी त्यांना कॉफी ओतते."

पास्टर दारातून आत आले, पायाला बर्फ, चेहरा राखेसारखा. मागं शेरीफचा माणूस टोपी हातात घेऊन. पास्टरांनी टेबलावरचं भांडं पाहिलं, अल्विनाला पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. त्यांना वाटलं, जे सांगायला आपण आलो ते सांगून झालंय.

"अल्विना आहे तुझ्याजवळ, फार बरं झालं," ते म्हणाले आणि थोराचे दोन्ही हात हातात घेतले. "थोरा, त्याला काही कळलंसुद्धा नसेल बघ. क्षणात झालं सगळं. ड्वेनला वेदना झाल्या नाहीत."

थोरा किंचाळली नाही. आमच्याकडच्या बायका किंचाळत नाहीत. तिनं मान वळवून अल्विनाकडे पाहिलं. रागानं नाही. कॉफीत साखर घेतेस का, असं विचारावं तसं. मग शेरीफच्या माणसानं तिला धरून खुर्चीत बसवलं.

आणि अल्विना पळाली. भांडं तिथंच टाकून, कोटाची बटणं न लावता ती अंगणातून पळाली. ट्रकमध्ये बसल्यावर तिला दिसलं, की कोमट पाव आपल्या कुशीतच आहे.

त्या पावाचं काय करायचं? खाववेना, टाकवेना, डुकरांना घालवेना. परत नेऊन देणं तर शक्यच नव्हतं. शेवटी दुसऱ्या दिवशी ऑर्व्हिलनं तो उचलला आणि आमुंडसनांच्या घरी नेऊन दिला, थोरानं पाठवलाय म्हणून. ऑर्व्हिलला वाटलं, निदान एवढं तरी खरं होऊ दे. पण म्हातारा खवट. त्यानं पाव खाल्ला, मग विचारलं, "पोराच्या दुखवट्यात ही बाई मला पाव कशाला पाठवते?" ऑर्व्हिलला खोटं बोलता येत नाही. झालं! आठवड्याच्या आत धान्याच्या दुकानात आमुंडसन मांडी थोपटून सांगत होता, "माझ्या मयताचा पाव मीच खाल्ला! वेलदोडा जरा जास्त होता, पण मेलेल्या माणसानं तक्रार करू नये." लोक हसले. अल्विना दुकानात आली की गप्प व्हायचे, तिला जागा करून द्यायचे, हवापाण्याचं विचारायचे. त्यापेक्षा कुणी थोबाडीत मारली असती तर तिला बरं वाटलं असतं.

ड्वेनच्या दफनाच्या दिवशी ती चर्चच्या तळघरात भांडी घासायच्या मोरीपाशी उभी राहिली, भिंतीकडे तोंड करून, आणि शेवटचा माणूस जाईपर्यंत वळली नाही. जेवणं झाल्यावर रिकामी, धुतलेली भांडी टेबलावर मांडली होती. तिचंही होतं, चकचकीत घासलेलं. थोरानं शिळं अन्न काढून ते स्वतः धुतलं होतं असं कुणीतरी म्हणालं. अल्विनानं ते घरी नेलं नाही. पुढे त्यात चर्चचे चमचे ठेवायला लागले.

त्यानंतर कुणाच्या घरी माणूस गेलं की पहिली गुड्रून जायची. अल्विना मागाहून, इतरांबरोबर, बाजारातून आणलेली बिस्किटं घेऊन. गुड्रूनला जिंकल्याचं सुख झालं असेल असं वाटत असेल तर तसं नव्हतं. तिनं एकदा स्वतःहून विचारलं, "अगं, तुझं ते हॉटडिश का गं करत नाहीस आता?" "ओव्हन बिघडलाय," अल्विना म्हणाली. ओव्हन वर्षानुवर्षं बिघडलेलाच राहिला.

ती लाज तेवढ्यावर थांबती तर गोष्ट वेगळी होती. पण गाणाऱ्यांची नावं देशभर झाली. दर हिवाळ्यात बाहेरगावची पोरं यायची, हॉगनांच्या शेतात बर्फ तुडवत जायची, कुंपणापाशी फुलं ठेवायची, रडायची. तिघांसाठी. चौथा कुणी होता हे त्यांच्या गावीही नसायचं, आणि असलंच तर वाईट अर्थानं. कॅफेत एकदा कुणीसं म्हणालं, "तसल्या बर्फात विमान काढायचं म्हणजे! लॉकनच्या पोराला अक्कल नको?" अल्विना शेजारच्याच टेबलावर होती. तिच्या मनात आलं, उठावं आणि म्हणावं, मी शिकवलंय त्याला, तो असा नव्हता. पण थोरा लॉकनची बाजू घ्यायला माझं तोंड कुठलं? तिनं पुढ्यातला केक खाऊन टाकला आणि पैसे ठेवून बाहेर पडली. बाहेर आल्यावर स्वतःचीच शिसारी आली तिला.

थोरा चर्चमध्ये डावीकडे बसायची, अल्विना उजवीकडे बसायला लागली. थोरा भेटली की मान हलवायची, "बरी आहेस ना?" विचारायची. एवढंच. एकदाही ती त्या सकाळचं काही बोलली नाही. ओरडली असती, चारचौघांत खोटारडी म्हणाली असती, तर अल्विनानं मान खाली घालून ऐकून घेतलं असतं आणि सुटली असती. पण ते होईना, आणि स्वतःहून जाऊन माफी मागायची तर पाय उचलत नव्हता.

अशी दहा-अकरा वर्षं गेली. मग गावात कळलं, थोराची नजर अधू झालीय, ती घर विकून बहिणीकडे ओरेगॉनला चाललीय, कायमची.

"अल्विना," ऑर्व्हिल जेवताना म्हणाला, "ती गेली की मग तू काय करशील?"

"काय म्हणजे?"

"तू झोपेत बोलतेस. मला सगळं पाठ झालंय. जा आणि जागेपणी बोल एकदा."

तिनं काटा खाली ठेवला. मग कोट चढवला आणि गेली. जन्मात पहिल्यांदा ती कुणाच्या घरी रिकाम्या हातानं चालली होती.

स्वयंपाकघरात खोकी भरलेली होती. थोरा म्हातारी झाली होती, जाड चष्मा, केस पांढरे. तिनं अल्विनाला आवाजावरून ओळखलं आणि खुर्ची पुढं ओढली. अल्विना बसली नाही. बसली असती तर बोलता आलं नसतं.

"थोरा, मी त्या दिवशी खोटं बोलले," ती म्हणाली. "मला माहीत होतं. टेलिफोनवर चोरून ऐकलं होतं. गुड्रूनच्या आधी पोचायचं म्हणून पळत आले, आणि तू दार उघडलंस तेव्हा माझी जीभ उचलेना. तुझा पोरगा तिकडे बर्फात पडलेला आणि मी इथं बसून तुझी कॉफी प्यायले. माझी मला लाज वाटते. इतकी वर्षं वाटतेय. मला माफ करू नकोस, पण मी एकदा सांगायला..."

"ते मला ठाऊक आहे गं," थोरा म्हणाली. "पास्टर गेल्यावर मला सगळा उलगडा झाला. बस ना."

"तू रागावली नाहीस?"

"महिनाभर होते. मग नाही." थोरानं टेबलावर चाचपत दोन कप शोधले, कॉफी ओतली. थोडी बाहेर सांडली. "तुला एक विचारायचं होतं. केव्हापासून विचारायचं होतं, पण तू चर्चमध्ये अशी पळायचीस, की मला वाटायचं हिला त्रास नको. बरं झालं आलीस. नाहीतर मीच ऑर्व्हिलला निरोप देणार होते."

अल्विना बसली. "विचार ना. काय वाटेल ते विचार."

"त्यानंतर माझ्याकडे जो येतो तो तोंड पाडून येतो," थोरा म्हणाली. "ड्वेनचं नाव काढलं की हळू आवाजात. मीसुद्धा तशीच बोलते आता. तो होता, तो करायचा. पण त्या सकाळी तुझ्याशी बोलले ना मी, ते शेवटचं. तो घरी जेवायला येणार आहे असं धरून मी त्याच्याबद्दल बोलले, ते शेवटचं. तू आधी सांगितलं असतंस तर तेवढंही मिळालं नसतं. मी हसत होते, ते मला आठवतंय. एप्रननं डोळे पुसले होते. पण काय बोलत होते ते जातच राहिलं गं, पास्टर आत आले आणि सगळं पुसूनच गेलं. काहीतरी त्याची गंमत होती. त्यानं आदल्या दिवशी काहीतरी केलं होतं किंवा म्हटलं होतं. मी किती डोकं खाजवलं, येतच नाही." ती पुढं वाकली. जाड काचांमागं तिचे डोळे मोठे दिसत होते, आणि त्यांत अगदी आशा होती. "तू होतीस ना. तुझ्याखेरीज कुणीच ऐकलेलं नाही. सांग ना, मी काय म्हणत होते?"

अल्विनाच्या कानांत काहीच नव्हतं. रस्ता आठवत होता. दुधाची गाडी आठवत होती, दोन्ही हातांत धरलेला कप आठवत होता, पास्टरांच्या गाडीचा काळा रंग आठवत होता. तिनं जीव एकवटून शोधलं. थोरा बोलत होती, खांदे उडवत होती, आणि आवाजच नव्हता.

काहीतरी सांगून टाकता आलं असतं. पोराची एखादी गंमत, कुठल्याही पोराची. थोराला कळलं नसतं, ती ती गंमत घेऊन ओरेगॉनला गेली असती आणि सुखानं गेली असती. ओठापर्यंत आलंसुद्धा. याच टेबलाशी, याच खुर्चीत बसून ते तिला एकदा किती सोपं गेलं होतं. खोटं बोलल्याची लाज तिनं इतकी वर्षं वाहिली होती, आणि आज बघितलं तर ती काहीच नव्हती.

"थोरा, मला नाही माहीत," ती म्हणाली. "मी ऐकतच नव्हते. मी खिडकीबाहेर बघत होते."

"थोडंसं काही?"

"नाही."

"एखादा शब्द गं. तो काय म्हणाला, कुठं गेला होता..."

अल्विनानं मान हलवली. मग थोराला ते दिसलं नसेल म्हणून तिला तोंडानं सांगावं लागलं. "नाही."

थोरा मागं टेकली. तिनं कप उचलला, न पिता खाली ठेवला, आणि सांडलेली कॉफी बोटानं पुसत राहिली.

"मी तर किती बोलत होते," ती म्हणाली.